व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि रंगीत सिम्फनिक रचना: पहिल्यांदा ऐकायला जाणाऱ्यांचे प्रश्न

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन जवळ आला की ओळखीतल्या लोकांचे मेसेज सुरू होतात. बहुतेकांचे कान रागसंगीतावर तयार झालेले असतात आणि ते वाद्यवृंद पहिल्यांदाच ऐकणार असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

उदाहरणासाठी एकच कार्यक्रम धरला आहे, कारण हवेतल्या उत्तरांचा कोणाला उपयोग होत नाही. सुरुवातीला ग्लिंकाच्या 'रुस्लान आणि ल्युद्मिला' या ऑपेराची नांदी, मग चायकोव्स्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, आणि मध्यंतरानंतर रिम्स्की-कोर्साकोव्हची 'शेहेराझाद'. तिन्ही रशियन. तुमच्या तिकिटावर दुसरी नावं असली तरी बहुतेक उत्तरं लागू पडतील.

१. कॉन्चेर्टो म्हणजे काय? सिम्फनीपेक्षा तो वेगळा कसा?

कॉन्चेर्टोत एक वादक पुढे उभा असतो आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्याशी बोलतो. तो कधी साथ करतो, कधी उत्तर देतो, कधी त्याला गप्प करून स्वतःच पुढे होतो. सिम्फनीत असा एक नायक नसतो, अख्खा वाद्यवृंदच बोलतो. कॉन्चेर्टोचे बहुधा तीन भाग असतात: जलद, संथ, जलद. सिम्फनीचे बहुधा चार.

'सिम्फनिक' हा शब्द याहून सैल आहे. 'शेहेराझाद' काटेकोर अर्थाने सिम्फनी नाही. रिम्स्की-कोर्साकोव्हने तिला 'सिम्फनिक सुईट' म्हटलं, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी एकत्र ओवलेली चार चित्रं.

२. मी आयुष्यभर फक्त शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकलं आहे. मला यातलं काही कळेल का?

कळेल. फक्त कानाची एक सवय बदलावी लागेल.

आपण एका सुराच्या मागे जातो. गायक षड्जावरून निघतो, बढत करतो, समेवर येतो आणि आपलं लक्ष त्या एका रेषेवर खिळलेलं असतं. तानपुरा, तबला, पेटी तिच्याभोवती असतात. वाद्यवृंदात ती रेषा एकाच्या हातात राहत नाही. चार ओळी व्हायोलिनकडे, दोन ओळी क्लॅरिनेटकडे, मग अचानक हॉर्नकडे. नवखा माणूस गोंधळतो तो इथेच. पुढची रांग वाजवत असते म्हणून तो तिथेच बघत राहतो, आणि सूर केव्हाच मागच्या रांगेत गेलेला असतो.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते: सूर आत्ता कोणाच्या हातात आहे, एवढंच शोधत राहा. नजर त्याच्यामागे फिरू द्या. सोनाटा, मॉड्युलेशन वगैरे काही माहीत नसलं तरी चालतं. पहिल्या दहा मिनिटांत हा खेळ जमला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. खालची बरीच उत्तरं याच एका गोष्टीकडे परत येतात.

३. कार्यक्रम किती वेळ चालतो?

मध्यंतर धरून दोन तासांच्या आसपास. ग्लिंकाची नांदी पाच मिनिटांची, कॉन्चेर्टो सुमारे पस्तीस, 'शेहेराझाद' सुमारे पंचेचाळीस. बैठकीसारखा 'रंगला तर लांबेल' हा प्रकार नाही. प्रत्येक सूर लिहिलेला असतो.

मध्यंतरात बाहेर जायच्या आधी एकदा मंचाकडे बघा. चायकोव्स्कीच्या कॉन्चेर्टोत ट्रॉम्बोन नाहीत, ट्युबा नाही, हार्प नाही. 'शेहेराझाद'ला हे सगळं लागतं, शिवाय झांजा, त्रिकोण, खंजिरीसारखं टॅम्बरिन, मोठा ढोल आणि टॅम-टॅम नावाची मोठी घंटाथाळी. मध्यंतरात वाढलेल्या खुर्च्या आणि वाद्यं पाहिली की पुढे काय येणार याचा अंदाज येतो.

४. सुरुवातीला सगळे मिळून एकच सूर वाजवतात, तो कार्यक्रमाचाच भाग असतो का?

नाही, ते सूर जुळवणं आहे. ओबो हे वाद्य 'ए' हा सूर देतं, साधारण ४४० हर्ट्झचा, आणि बाकीचे त्याला आपापलं वाद्य जुळवून घेतात. उठून ही सूचना देणारा व्हायोलिनवादक म्हणजे कॉन्सर्टमास्टर. तो पहिल्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर बसतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवा, प्रश्न ११मध्ये तो पुन्हा येणार आहे.

मला ही दोन मिनिटं फार आवडतात. तानपुरे जुळल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, तीच इथेही पसरते.

५. कंडक्टर स्वतः काहीच वाजवत नाही. मग तो नेमकं काय करतो?

सर्वसाधारणपणे उजव्या हातातल्या काठीने तो लय दाखवतो आणि डाव्या हाताने आवाजाची पातळी, सुराचा आकार आणि 'आता तुम्ही' हा इशारा. पण त्याचं खरं काम तालमीत झालेलं असतं. ऐंशी जणांनी एकच वाक्य एकाच श्वासात कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, कोणाला किती दाबायचं हे त्याने ठरवलेलं असतं.

कॉन्चेर्टोत त्याची कसोटी जास्त लागते. सोलो वादक, म्हणजे पुढे उभा असलेला तो एकटा, एखादी जागा लांबवतो, पुढची ओळ घाईने घेतो, आणि कंडक्टरला अख्खा वाद्यवृंद त्याच्या श्वासाबरोबर आणून सोडायचा असतो. चांगला तबलजी गायकाला सांभाळतो तसं. फक्त इथे सांभाळणाऱ्याच्या हातात ऐंशी माणसं असतात.

६. चायकोव्स्कीच्या कॉन्चेर्टोत नेमकं काय ऐकायचं?

हा कॉन्चेर्टो १८७८च्या वसंतात स्वित्झर्लंडमधल्या क्लारांस गावी, जिनिव्हा सरोवराच्या काठी लिहिला गेला. चायकोव्स्की तेव्हा मोडलेल्या लग्नाच्या धक्क्यातून सावरत होता. त्याचा जुना विद्यार्थी, व्हायोलिनवादक योसिफ कोटेक, तिथे आला, आणि त्याच्या सोबतीत काही आठवड्यांत ही रचना पूर्ण झाली. मधला भाग मनाजोगता न झाल्याने तो बाजूला ठेवून त्याने नवा लिहिला. ज्या व्हायोलिनवादक लिओपोल्ड आउअरला ती अर्पण केली होती, त्याने ती वाजवली नाही. शेवटी ४ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नात अॅडॉल्फ ब्रॉडस्कीने ती पहिल्यांदा वाद्यवृंदाबरोबर वाजवली. समीक्षक एडुआर्ड हान्सलिकने लिहिलं की संगीतालाही दुर्गंधी येऊ शकते अशी शंका या रचनेने येते. आज व्हायोलिनवादकाच्या हातात ही रचना नसेल तर लोकांना नवल वाटतं.

आता ऐकण्याबद्दल.

सुरुवात पहिल्या व्हायोलिनांच्या एका शांत, साध्या सुरावटीने होते. ती नीट ऐकून घ्या, कारण ती पुन्हा कधीच येत नाही. दार उघडायला आलेली व्यक्ती दार उघडून निघून जावी तसं. मग सोलो व्हायोलिन एकटंच आत येतं, जरा इकडेतिकडे बघतं आणि मुख्य सूर हाती घेतं. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत हाच सूर किती रूपं घेतो ते बघा. सोलो वादकाकडे तो आर्जवी असतो, अख्ख्या वाद्यवृंदाकडे गेला की मिरवणुकीसारखा ताठ होतो. मधोमध कडेन्झा, म्हणजे सोलो वादकाची एकट्याची जागा, येते (प्रश्न ७), आणि ती संपता संपता, सोलो व्हायोलिनचा सूर अजून थरथरत असताना, बासरी तोच मुख्य सूर हलकेच उचलते. या कॉन्चेर्टोतली माझी सगळ्यात लाडकी जागा हीच आहे. दोन-तीन मिनिटं एकट्या माणसाने बोलून दाखवलं आणि कोणीतरी हळूच म्हणालं, 'ऐकलं मी.'

दुसरा भाग संथ आहे, नाव कांझोनेत्ता, म्हणजे छोटं गाणं. सोलो व्हायोलिनच्या घोडीवर तेव्हा एक छोटी अटक बसवलेली असते. त्याने आवाज झाकोळतो, धूसर होतो. लांबून ऐकू येणाऱ्या हाकेसारखा तो वाटतो.

तिसरा भाग दुसऱ्याला जोडूनच सुरू होतो, मध्ये थांबत नाही. तो रशियन लोकनृत्याचा आहे. एका जागी चेलो ही खालच्या सुराची तारवाद्यं दोन सूर धरून ठेवतात आणि वर नाच चालतो. ते दोन सूर म्हणजे आपली षड्ज-पंचमाची जोडी. रागसंगीत ऐकणाऱ्या माणसाचे कान इथे एकदम घरी आल्यासारखे होतात. हे मी नुसतं म्हणत नाही, माझ्या शेजारी बसलेल्यांच्या चेहऱ्यावर ते अनेकदा पाहिलं आहे.

७. कडेन्झा म्हणजे आपली तान-बढत का? वादक ते तिथल्या तिथे रचतो का?

मूळ कल्पना तीच होती. वाद्यवृंद थांबे आणि सोलो वादक आपल्या मनाने, आपल्या तयारीने खेळे. एकोणिसाव्या शतकात संगीतकार ती जागाही स्वतः लिहू लागले. मेंडेल्सझोनने आपल्या 'ई मायनर' पट्टीतल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत (पहिला प्रयोग लाइपझिग, १८४५) कडेन्झा स्वतः लिहिली आणि शेवटाकडून उचलून भागाच्या मध्यावर आणली. चायकोव्स्कीने तोच मार्ग धरला.

म्हणजे इथे तुम्ही ऐकता ती तान लिहिलेली आहे. अपवाद आहे तो बेथोव्हनचा. त्याने आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठी कडेन्झा लिहून ठेवली नाही. त्यामुळे वादक कधी योआखिम किंवा क्राइस्लर या जुन्या व्हायोलिनवादकांची, कधी स्वतःची वाजवतात. कार्यक्रमात बेथोव्हन असेल तर कडेन्झा कोणाची आहे हे पत्रिकेत पाहा. एकच रचना दोन संध्याकाळी वेगळी वाटण्याचं ते एक खरं कारण असतं.

८. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदापुढे एकटं व्हायोलिन ऐकू कसं येतं? माइक असतो का?

माइक नसतो. याची दोन कारणं आहेत.

पहिलं, आवाज असा गुणाकाराने वाढत नाही. सोळा व्हायोलिनं एका व्हायोलिनच्या सोळापट मोठी वाटत नाहीत. कानाला ती जेमतेम दुपटीहून थोडी जास्त मोठी लागतात. सोळा जणांमुळे आवाज मोठा होण्यापेक्षा जाड आणि मऊ होतो, कारण प्रत्येकाचा सूर केसभर वेगळा असतो. एकटं व्हायोलिन त्या मऊ आवाजातून सुईसारखं बाहेर येतं.

दुसरं, चांगला संगीतकार जागा मोकळी ठेवतो. सोलो वाजत असताना वाद्यवृंद किती पातळ झाला आहे ते ऐका. पुष्कळदा दोन-तीनच वाद्यं हळूच साथ करत असतात.

शिवाय एक साधी गोष्ट. चायकोव्स्की, ब्राह्म्स आणि बेथोव्हन या तिघांचेही व्हायोलिन कॉन्चेर्टो 'डी मेजर' या पट्टीत आहेत, सिबेलियसचा 'डी मायनर'मध्ये. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई अशा लावलेल्या असतात. या पट्ट्यांत 'डी' आणि 'ए' या मोकळ्या तारा आपणहून गुंजतात, तरफांसारख्या. वाद्य भरून बोलतं.

९. 'रंगीत' संगीत म्हणजे काय? संगीताला रंग कसा असेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं.

एकच सूर सारंगीवर, बासरीवर आणि सनईवर वाजवला तर सूर तोच, पण तीन वेगळ्या व्यक्ती बोलल्यासारखं वाटतं. तो फरक म्हणजे रंग. आपल्याकडे एका बैठकीत एक-दोनच रंग असतात आणि त्यांच्या छटांवर काम होतं. वाद्यवृंदात वीसेक रंग समोर असतात, आणि ते मिसळताही येतात: बासरी आणि क्लॅरिनेट एकत्र, हॉर्नवर चेलो, हार्पखाली हलकी झांज. कोणता सूर कोणाला द्यायचा आणि कोणात मिसळायचा, या कलेला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात. रिम्स्की-कोर्साकोव्ह तिचा थोर गुरू. त्याने तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि स्ट्राविन्स्की त्याचा शिष्य.

सुरांच्या पट्ट्या ऐकताना त्याला खरोखरच रंग दिसत. 'ई मेजर' त्याला निळा, नीलमण्यासारखा वाटे. 'शेहेराझाद'च्या पहिल्या भागातला समुद्र 'ई मेजर'मध्येच आहे. आणि हा माणूस तरुणपणी नौदलात होता, 'अल्माझ' जहाजावर १८६२ ते १८६५ जगाच्या समुद्रांवर फिरला. त्या लाटा त्याने पाहिलेल्या होत्या.

'शेहेराझाद'चा दुसरा भाग ऐकताना एक प्रयोग करा. सुरुवातीला 'बसून' (bassoon) नावाचं खालच्या सुराचं लाकडी वाद्य एक गोष्ट सांगू लागतं, मागे फक्त चार डबल बेस दबक्या आवाजात सूर धरून असतात. मग तीच गोष्ट ओबो सांगतो, मग व्हायोलिनं. शब्द तेच, सांगणारा बदलतो. प्रश्न २मध्ये म्हटलेला खेळ इथे सगळ्यात सोपा जातो.

याच जातीच्या आणखी रचना: मुसोर्गस्कीने १८७४ साली आपल्या चित्रकार-वास्तुकार मित्राच्या, व्हिक्टर हार्टमनच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रदर्शनावरून पियानोसाठी लिहिलेली चित्रमालिका. राव्हेलने १९२२मध्ये तिला वाद्यवृंदाचे रंग दिले, तेव्हा एका जुन्या किल्ल्याच्या चित्रात सॅक्सोफोन आणला. शिवाय द्यबुसीची समुद्रावरची रचना (१९०५), आणि रेस्पिगीची रोमच्या पाइन वृक्षांवरची (१९२४). हिच्यात बुलबुलाचं खरं ध्वनिमुद्रण वाजवायची सूचना संगीतकारानेच दिली आहे.

१०. 'शेहेराझाद' ऐकायला गोष्ट आधी माहीत असावी लागते का?

चौकट माहीत असली की पुरे. रोज एका नवरीला मारणारा सुलतान, आणि हजार रात्री गोष्टी सांगून स्वतःचा जीव वाचवणारी शेहेराझाद. मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच या अरबी कथा मराठीत आणल्या, आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यांवर वाढल्या.

रचना सुरू होते तो सुलतान: खालच्या तारा आणि पितळी वाद्यांचा जड, दरडावणारा सूर. मग लाकडी वाद्यांचे काही मऊ, श्वास रोखलेले सूर. मग एकटं व्हायोलिन, सोबत हार्प. ती शेहेराझाद.

चार भागांना समुद्र आणि सिंदबादचं जहाज, फकीर राजपुत्राची गोष्ट, राजपुत्र-राजकन्या, आणि बगदादचा उत्सव व जहाजफुटी अशी नावं होती. पुढे रिम्स्की-कोर्साकोव्हने ती काढून टाकली. ऐकणाऱ्याच्या कल्पनेला नुसता इशारा मिळावा, बाकी प्रवास त्याने स्वतः करावा, अशी त्याची इच्छा होती. त्यामुळे प्रत्येक ओळीत 'हे कोण आणि ते कोण' शोधत बसू नका. शेवटाकडे मात्र एक गोष्ट चुकवू नका. तोच सुलतानाचा सूर शेवटच्या पानावर अगदी हळू येतो, राग उतरलेल्या माणसासारखा, आणि त्यावर व्हायोलिन उंच सुरावर थांबून राहतं.

११. 'शेहेराझाद'मध्येही एक व्हायोलिन एकटं वाजतं. मग तो कॉन्चेर्टो का नाही?

कारण ते वाजवणारा पाहुणा नाही, वाद्यवृंदातलाच आहे. प्रश्न ४मधला कॉन्सर्टमास्टर. तो आपल्या खुर्चीवर बसून वाजवतो, मग पुन्हा पहिल्या व्हायोलिनांत मिसळून जातो. कॉन्चेर्टोचा सोलो वादक वाद्यवृंदासमोर उभा राहून त्याच्याशी बोलतो, 'शेहेराझाद'चं व्हायोलिन वाद्यवृंदाच्या आतून बोलतं.

या कार्यक्रमाची गंमत इथेच आहे. एका संध्याकाळी तेच वाद्य दोन भूमिकांत ऐकायला मिळतं. पूर्वार्धात पुढे उभं राहून, उत्तरार्धात गर्दीतून. शेवटी कंडक्टर कॉन्सर्टमास्टरला उभं करतो, तेव्हा त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवा. त्या त्याच्या हक्काच्या असतात.

१२. टाळ्या कधी वाजवायच्या?

आजची रीत अशी की रचना पूर्ण संपल्यावर, भागांच्या मध्ये नाही. ओळखायचं कसं? कंडक्टरचे हात खाली आले आणि तो प्रेक्षकांकडे वळला की.

चायकोव्स्कीच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग मात्र इतक्या जोरात संपतो की जगभर लोक टाळ्या वाजवतातच. चायकोव्स्कीच्या काळात भागांनंतर टाळ्या ही नेहमीचीच गोष्ट होती. कोणी वाजवल्या तर त्याच्याकडे वळून बघू नका. त्या माणसाला संगीत भिडलं, एवढाच त्याचा अर्थ.

मेंडेल्सझोनने तिन्ही भाग जोडूनच टाकले. पहिला भाग संपतो तेव्हा 'बसून' हे वाद्य एकटंच सूर धरून ठेवतं आणि त्याच्यावरून दुसरा भाग सुरू होतो. तिथे टाळ्यांना जागाच नसते.

संथ, हळू विझणारा शेवट असेल ('शेहेराझाद'चा तसाच आहे) तर कृपा करून थांबा. शेवटच्या सुरानंतरची ती पाच-दहा सेकंदंही रचनेचाच भाग असतात.

१३. मधेच 'वाहवा' म्हणावंसं वाटलं तर?

मनात म्हणा. आपल्या बैठकीत दाद गायकापर्यंत पोचते आणि तो त्यावरून पुढे जातो, ती देवाणघेवाण सुंदर आहे. इथे सगळं लिहिलेलं असतं आणि अनेक जागा इतक्या हळू असतात की खाकरलेलंही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. दाद शेवटी द्या, ती पूर्णपणे देता येते.

१४. आपल्याकडे व्हायोलिन बसून वाजवतात. ते वेगळं वाद्य असतं का?

वाद्य तेच. कर्नाटक संगीतात ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाळुस्वामी दीक्षितरांनी आणलं. हिंदुस्थानीत व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांनी त्याला गायकीच्या वाटेवर नेलं. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं एक टोक छातीशी आणि दुसरं पायावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहून मींड सरकत घेता येते. तारा षड्ज-पंचमात लावतात.

वाद्यवृंदात ते हनुवटीखाली धरतात, कारण जलद उड्यांसाठी आणि गजाच्या लांब झेपेसाठी ते सोयीचं. कॉन्चेर्टो ऐकताना उजव्या हाताकडे बघा. गज तारेवर कुठे टेकतो, किती वजनाने, किती वेगाने, यातून अर्धी अभिव्यक्ती येते.

१५. हे संगीत मुंबईत आलं कुठून? हे आपलं आहे का?

एका रस्त्याने नाही आलं.

पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पुढे मुंबईत आली, हॉटेलांत, नौकांवर, मूकपटांच्या थिएटरांत आणि नंतर चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. हिंदी चित्रपटगीतांमागे ऐकू येणारे व्हायोलिनांचे मोठे ताफे प्रामुख्याने त्यांचे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८मध्ये गोन्साल्विसांनी भारतीय रागांवरचं संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधून सादर केलं. माझे स्वतःचे व्हायोलिनचे सर गोव्याचे होते. त्यांना मराठी भावगीतं आणि मेंडेल्सझोन दोन्ही सारख्याच प्रेमाने वाजवताना मी पाहिलं आहे. म्हणून 'हे आपलं आहे का' या प्रश्नावर मला कधी थांबून विचार करावा लागत नाही.

दुसरा रस्ता पारशी घरांतला. मेहली मेहतांनी १९३५मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा, कंडक्टर झुबिन, १९३६ साली मुंबईत जन्मला. आजचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६चा. खुश्रू सुनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो उभा केला. त्यात इथे राहणारे वादक असतात आणि सीझनपुरते परदेशातून येणारेही. भारतीय वादकांची संख्या वाढावी म्हणून एनसीपीएमध्ये मुलांसाठी संगीतशाळाही चालते.

१६. रागावर आधारलेले कॉन्चेर्टो आहेत का?

आहेत. रविशंकरांनी सतार आणि वाद्यवृंदासाठी पहिला कॉन्चेर्टो १९७१मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी केला, दुसरा १९८१मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी, झुबिन मेहतांबरोबर. एल. सुब्रमण्यम यांनी व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलं.

माझं मत असं: अवघड जागा म्हणजे स्वरसंगती. राग एका रेषेत फुलतो, वाद्यवृंद उभ्या थरांत विचार करतो. जिथे थर कमी ठेवून सूर मोकळा सोडला आहे, तिथे या रचना खऱ्या वाटतात.

१७. तिकीट कुठलं घ्यावं? पुढचं महागच चांगलं का?

नाही. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरसारख्या सभागृहात पहिल्या तीन-चार रांगांत फक्त तारवाद्यं ऐकू येतात आणि पितळी वाद्यं डोक्यावरून जातात. रंग मिसळून ऐकायचे असतील तर मध्यभागी मागे किंवा बाल्कनीत बसा. वरून आणखी एक फायदा: अख्खा वाद्यवृंद दिसतो, त्यामुळे सूर कोणाकडे गेला ते शोधणं सोपं जातं. सोलो वादकाचा गज आणि बोटं जवळून बघायची असतील तर मात्र मंचाकडे तोंड करून बसल्यावर पुढच्या भागात डावीकडे बसा. सोलो वादक कंडक्टरच्या डाव्या हाताला उभा राहतो.

१८. मुलांना न्यावं का? कपडे कसे? उशीर झाला तर?

मुलं: वयाची अट असते, ती तिकीट काढताना पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'शेहेराझाद' फार आवडते, आधी गोष्ट सांगून न्या. कपडे: स्वच्छ आणि नीटनेटके, बस्स. साडी, कुर्ता, शर्ट, सगळं चालतं. उशीर: दार बंद होतं आणि एखादी रचना संपल्यावरच आत सोडतात. उशिरा पोचलात तर कदाचित ग्लिंका बाहेरच ऐकावा लागेल, म्हणून अर्धा तास हातात ठेवा. चर्चगेटहून टॅक्सी मिळते, चालत वीस-पंचवीस मिनिटं. डोंबिवली-ठाण्याहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीचा विचार आधीच करावा.

१९. घरी आधी ऐकून जावं का?

कॉन्चेर्टोसाठी हो. एकदा, शांतपणे, डोळे मिटून, मुख्य सूर ओळखता येईल इतपत. 'शेहेराझाद' मुद्दाम ऐकू नका. तिचे रंग मोबाइलच्या स्पीकरवर येतच नाहीत, आणि पहिल्यांदा ती प्रत्यक्ष ऐकण्याचं सुख एकदाच मिळतं.

२०. घरी ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागातल्या काही ओळी नव्हत्या. वादक चुकला का?

नाही, हा प्रश्न चांगल्या कानाचा आहे. प्रश्न ६मधला आउअर नंतर या रचनेकडे वळला. त्याने तिच्यात काही ओळी गाळल्या, काही बदलल्या आणि आपल्या शिष्यांना तशीच शिकवली. यशा हायफेट्झ त्यांच्यातला. त्यामुळे विसाव्या शतकातल्या अनेक रेकॉर्डिंगमध्ये पुनरावृत्तीच्या जागा गाळलेल्या सापडतात. आज बहुतेक वादक मूळ, पूर्ण रचना वाजवतात.

२१. कॉन्चेर्टोनंतर सोलो वादकाने एकट्याने काहीतरी वाजवलं, ते पत्रिकेत नव्हतं. ते काय होतं?

त्याला अँकोर म्हणतात, टाळ्यांच्या बदल्यात दिलेली भेट. व्हायोलिनवादक त्यासाठी बहुधा बाखची एकट्या व्हायोलिनसाठीची एखादी छोटी रचना निवडतात. ती ऐकताना सूर कोणाच्या हातात आहे हे शोधावं लागत नाही, मंचावर तो एकाच्याच हातात असतो. नाव कळलं नाही तर मध्यंतरात सभागृहाच्या कर्मचाऱ्यांना विचारा, आणि मग जागेवर परत या. उत्तरार्धात समुद्र सुरू व्हायचा असतो.